तीन घरांचं बावखल

राजोडी, १२ नोव्हेंबर २००३

जितेंद्र,

आजीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. नुसता ठेवायचा की टपली मारायची, ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

वाडी विकायचे तुझे कागद पोचले. मस्कतहून एवढं जाड पाकीट आलं म्हणून पोस्टमनने माझी सही मागितली आणि मग स्वतःच हसला. माझी सही म्हणजे अंगठा, हे गावाला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर कागदांबरोबर शाईची डबी धाडलीस. नवीकोरी. एवढ्या लांबून केवढी ती काळजी. तुझ्या आईने ती डबी टीव्हीवर ठेवली आहे, येता-जाता माझी नजर पडावी म्हणून. विनया तोंडाने काही म्हणत नाही. ती फक्त वस्तू हलवते.

हे पत्र शेजारचा प्लासिड मास्तर लिहितो आहे. मी बोलते आपल्या घरच्या बोलीत, तो उतरवतो शाळेच्या मराठीत, तेव्हा आजी जरा शहाणी वाटली तर ते श्रेय त्याचं. तुझा फोन आला की मी वाडीत जाते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात मला कोणी तोडत नाही.

तर उत्तर: नाही.

मास्तर म्हणतो, बाय, एवढंच कसं, कारण लिहायला पाहिजे. बरं, लिही. तुझ्या आजोबांनी ही वाडी माझ्या नावावर केली ती प्रेमापोटी नव्हे. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे. दारात आलेल्या प्रत्येकाला घड दिला, उसना बैल दिला, एकदा तर विहिरीचा पंप दिला तो अजून परत आला नाही. शेवटी म्हणाले, "जयवंते, तुला नाही म्हणता येतं, तूच ठेव." पंचेचाळीस वर्षं मी ते काम करते आहे. नातवासाठी सुट्टी घेतली तर वरती त्यांना काय सांगू?

इथे हॉटेल बांधायला निघालेल्या त्या शेठला तू घेऊन आलास तो दिवस मला आठवतो. मी राजेळी केळी सोलून उन्हात घातली होती, सुकेळी करायला. तुम्ही दोघे टेप धरून वाडीत फिरत होतात. शेठ सुकेळीच्या ताटावरून पाय टाकून गेला आणि तू त्याला म्हणालास, इथून थेट समुद्र दिसेल, सातव्या मजल्यावरून तर वसईचा किल्लासुद्धा. अरे, मला न विचारता माझ्या वाडीला टेप लावलास, आणि वर किल्ला दाखवलास. समुद्र मला अंगणातून ऐकू येतो. तो बघायला सात मजले चढणारी माणसं कोण असतात, ती तरी दाखव एकदा. राजोडीला शनिवार-रविवार येतात ती मी पाहते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात.

पलीकडच्या बेसिलने त्याची वाडी शेठला विकली आणि जूचंद्रच्या बाजूला चौथ्या मजल्यावर राहायला गेला, हे तुला कळलं असेल. हे कळलं नसेल: दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रिक्षा करून येतो, दोन कॅन घेऊन, आपल्या तिन्ही घरांच्या तळ्यातलं, बावखलातलं गोडं पाणी भरायला. तिकडच्या टँकरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणे. आपणच विकलेल्या पाण्याला येतो. मी त्याला चहा देते, हसते, आणि कॅन भरू देते.

कागद परत पाठवत नाही. पाठकोरे आहेत, हिशेबाला होतील. हिशेब मास्तर मांडेल.

आजी

राजोडी, ७ जानेवारी २००४

जितेंद्र,

नाताळाचं तुझं कार्ड आलं. आपल्या घरी नाताळ नसतो हे मस्कतला गेल्यावर विसरलास की तिथल्या तुझ्या नोकरीच्या हॉटेलात फुकट मिळालं? असो. मास्तरच्या घरी लावलं, छान दिसतं.

आतली चिठ्ठी विनयाने वाचून दाखवली. त्या वाडीतून मिळतं काय, असं विचारलंस. यंदा खरंच कमी मिळतं आहे. का ते ऐक. बेसिलच्या जागेत शेठने बोअर मारली आहे. दिवसाचे नऊ टँकर भरून जातात, मी ओट्यावर बसून मोजते, मोजायला अक्षर लागत नाही. एवढं गोड पाणी उपसलं की त्याच्या जागेवर समुद्र आत येतो. दिवाळीनंतर आपली विहीर खारी झाली. चहा बिघडला, मग केळीची पानं कडेने करपली. आता फक्त बावखलाचं पाणी गोड आहे. तेही किती दिवस, ते बावखलालाच ठाऊक. मला तुझ्या आणि शेठच्या ह्या हॉटेलाचं काही वावडं नाही, बाळा. पण ते हॉटेल अजून बांधलंही नाही आणि इकडचं पाणी पिऊन बसलं आहे.

आता, प्लासिड, पुढचं लिही. लिही की गेल्या मंगळवारी प्लासिड मास्तरने आपली वाडी शेठला देण्याचा करार केला आणि शुक्रवारी इथे बसून माझ्याकडून पोळी खाल्ली.

लिही. पेन थांबलं आहे, तेही लिही. मला वाचता येत नाही, पण माझं बोलणं कागदावर किती लांब पसरतं ते मला दिसतं. आखूड दिसलं तर विनयाकडून वाचून घेईन.

हे मला बेसिलने सांगितलं, कॅन भरता भरता. त्याला वाटलं मला ठाऊक असेल. मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. मग जाऊन गवत कापलं, जरा जास्तच कापलं.

प्लासिड म्हणतो, त्याची विहीर माझ्या आधी खारी झाली. दोन्ही मुलगे परदेशी, कुदळ धरायला कोणी नाही, मोगऱ्याची झाडं उभी वाळली. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. तो म्हणतो, बाय, मी तुम्हाला सांगणार होतो. हेही खरं असेल. पण तीस वर्षं ज्याने गावची पत्रं लिहिली, त्याला स्वतःची एक ओळ सांगता येऊ नये? म्हणून ती त्याच्याच हाताने लिहवून घेते आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. असू दे, गोड असेल तर केळीला घालू.

आता तीन घरांच्या बावखलात दोन वाटे शेठचे आणि एक माझा. तुझं काम सोपं झालं असं तुला वाटेल. वाटू दे.

आजी

जितेंद्र, मी प्लासिड. ह्या चार ओळी बायना वाचून दाखवणार नाही. विहीर खारी झाल्यापासून बाय बावखलातून हंड्याने पाणी नेऊन केळीला घालतात. डिसेंबरात घसरल्या, पाय सुजला, आठवडाभर पडून होत्या. तुझ्या आईला शपथ घातली आहे की तुला कळवायचं नाही. मी सही केली आहे, त्यामुळे तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही. फक्त कळवतो.

राजोडी रस्ता, शेठचं ऑफिस, १९ मार्च २००४

जितेंद्र,

कागद गुळगुळीत लागला ना हाताला? वर इमारतीचं चित्र आहे. हे पत्र तुझ्या शेठच्या कागदावर, शेठच्या पेनाने, शेठच्या पंख्याखाली लिहिलं जातं आहे. लिहिणारी हंसा. हॉटेलाशेजारचे फ्लॅट घ्यायला येणाऱ्यांना सरबत देणं आणि पत्रकं वाटणं हे तिचं काम. विरारहून येते, गुजराती आहे, मला बा म्हणते. मास्तरशी माझं तूर्त बोलणं बंद आहे, तुझ्या आईला लिहायला सांगितलं तर तिला तेव्हाच भांडी आठवतात, म्हणून म्हटलं, एवढं मोठं ऑफिस रस्त्यावर रिकामं बसलं आहे, त्याचा गावाला काही उपयोग होऊ दे.

काचेच्या पेटीत तुमचं हॉटेल पाहिलं. सुंदर आहे, खोटं नाही बोलत. मी हंसाला विचारलं, बेसिलच्या शेजारची ती वाडी कुठली. तिने काठीने दाखवली: हॉटेलाचं पुढचं दार आणि दोन कारंजी. बावखल विचारलं. तिथे निळी काच आहे, काठावर छत्र्या, आणि कागदाची माणसं उताणी पडलेली. त्यांच्यात लुगड्यातली कोणी दिसली नाही.

मी कोण ते हंसाला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिचारीने पाठ केलेलं सगळं सांगितलं. सर्वांत शेवटी म्हणाली, "बा, मॅनेजर आपल्याच गावचे आहेत, जितेंद्रसाहेब. दिवाळीला मस्कत सोडून येणार. त्यांच्या आजीची जागा मिळायची आहे, ती मिळाली की काम सुरू."

मी विचारलं, आजी कशी आहे म्हणे?

म्हणाली, हट्टी आहे म्हणतात.

मी म्हटलं, असेल. आणि सरबत मागून घेतलं.

पत्रकावर तुझं नाव छापलं आहे. तिने बोट ठेवून दाखवलं. पहिल्यांदाच माझ्या घरातल्या माणसाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात पाहिलं, आणि मला ते वाचता येईना, आणि छाती भरून आली, आणि त्याच वेळी तुझा कान पिळावा असंही वाटलं. मी जिवंत असताना माझ्या वाडीचा शब्द तू दिलास. आता शब्द पाळायचा तर आजी मोडायची, आणि आजी राखायची तर नाव पुसायचं. असा पेच कोणी स्वतःहून गळ्यात बांधून घेतो? आजोबांवर गेलास. तुलाही नाही म्हणता येत नाही, फक्त तुझं ते परक्यांपुरतंच आहे.

आता माझं एक ऐक, कारण आज खरं बोलायचा दिवस दिसतो आहे. दोन वर्षांपूर्वी तू मस्कतला निघालास त्या सकाळी पासपोर्ट सापडत नव्हता. घर उलटंपालटं केलंस, विमान चुकलं, आईवर ओरडलास, नंतर तो तांदळाच्या डब्यात मिळाला. सगळे म्हणाले, घाईत पडला असेल. डब्याला घट्ट झाकण होतं, जितेंद्र. मीच ठेवला होता. विमान एकदा गेलं की ते परत येत नाही, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशीही असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला कळलं होतं, म्हणूनच पाया न पडता गेलास. तेव्हापासून आपण दोघे वाडीवरून भांडतो असं लोकांना वाटतं.

ती माझी चूक. वाडीचं नाही म्हणणं ही चूक नव्हे. दोन्ही एका टोपलीत घालू नकोस.

हंसाचे डोळे मोठे झाले आहेत. मी कोण ते तिला आता पुरतं कळलं आहे. म्हणते, बा, माझी नोकरी जाईल. मी सांगितलं, जाणार नाही, तू गिऱ्हाइकाला पत्र लिहून देते आहेस.

शेवटचं. बावखलाची रीत शेठला ठाऊक नसेल, म्हणून हंसाकडे निरोप दिला आहे. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गाळ काढतात. प्रत्येक वाट्यामागे एक माणूस स्वतः आत उतरतो. पैसे देऊन मजूर लावलेला चालत नाही. ज्या घराचा माणूस उतरला नाही, त्या घराला वर्षभर पाणी नाही. पोर्तुगिजांनी किल्ला सोडला तेव्हापासून म्हणतात, खरं खोटं त्यांना ठाऊक. शेठने दोन वाटे घेतले आहेत, म्हणजे दोन माणसं. एक तो, एक त्याचा मॅनेजर.

हंसा हसायला लागली, म्हणून इथेच थांबते.

आजी

राजोडी, २६ एप्रिल २००४

जितेंद्र,

ह्या वेळी अक्षर ओळखशील. तुझी आई लिहिते आहे. मी तिला सांगितलं नाही, तिनेच पेन घेतलं.

शेठने निरोपाला उत्तर दिलं. गाळाच्या दिवशी सकाळी त्याचे दोन डंपर आले, मातीने भरलेले. बरोबर एक कारकून, हातात कागद. म्हणाला, तीनातले दोन वाटे साहेबांचे आहेत, साहेब आपले दोन वाटे बुजवणार, आजीबाईंच्या वाट्याला हात लावणार नाही. मी तेव्हा गुडघाभर गाळात होते, एकटी. विचारलं, पाण्याचे तीन तुकडे करायला करवत आणली आहे का? कारकुनाने कागद पुन्हा वाचला. त्यात करवतीचं काही नव्हतं.

पहिला डंपर मागे घेत घेत काठाशी आणला. चालवणारा रामू म्हणून, मराठवाड्याकडचा. खाली उतरून म्हणाला, "मावशी, वर या. मला माती टाकायची आहे."

मी म्हटलं, टाक ना. तू माती टाक, मी गाळ काढते. बघू संध्याकाळपर्यंत कोण पुढे जातं.

तो उभा. कारकून म्हणाला, टाक रे. मी एक घमेलं भरलं आणि काठावर ओतलं, कारकुनाच्या बुटांपासून वीतभर. मुद्दाम नव्हतं, असं तुझ्या आईला लिहायला सांगते आहे, आणि ती माझ्याकडे बघते आहे.

मग विनया आली. नोकरीवर निघाली होती, चांगली साडी, खांद्याला पर्स. मला वाटलं, मला घरी न्यायला आली. तिने पर्स नारळाला अडकवली, पदर खोचला, चपला काढल्या आणि आत उतरली. लग्न होऊन ह्या घरात आल्याला एकोणतीस वर्षं झाली, कधी उतरली नव्हती. दादरची मुलगी, तिला गाळाची किळस, आणि गेली दोन वर्षं तिच्या मनात फ्लॅटच होता, लिफ्टवाला. मी कधी नावं ठेवली नाहीत. जरा ठेवली असतील. ती रामूला म्हणाली, "दादा, आता आम्ही दोघी आहोत. माती टाकायची तर नीट बघून टाका." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. आणि घमेलं उचललं.

हे लिहिताना तिचा हात थांबला नाही. मी बघत होते.

रामूने डंपर बंद केला. कारकुनाला म्हणाला, माझी आई असती तर? आणि जाऊन सावलीत बसला. दुसऱ्या डंपरवाल्यानेही मग चावी काढली. कारकून फोन लावत राहिला, फोनला तिथे रेंज नाही, हे आपल्या राजोडीचं एक बरं आहे.

साडेदहाला प्लासिड आला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. तीन महिने बोलणं नव्हतं. मी म्हटलं, तुझा वाटा गेला, आता कशाला उतरतोस? म्हणाला, "वाटा गेला, बाय. पाठ अजून आहे." सत्तरीचा माणूस, चार घमेली काढली आणि काठावर बसून धापा टाकत होता. करार झाला आहे, पण खरेदीखताची तारीख जूनची आहे. तो जाणार आहे की नाही, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ह्या वेळी मी त्याला लिहायला लावणार नाही.

बेसिलही आला, रविवार नसताना. कॅन आणायला विसरला म्हणाला. मग उतरला.

दुपारी डंपर परत गेले, माती घेऊनच. तू म्हणशील, आजी जिंकली. नाही रे. डंपर उद्या येईल, नाहीतर पावसाळ्यानंतर येईल, नाहीतर कोर्टाचा कागद घेऊन येईल आणि तेव्हा चालवणारा रामू नसेल. मला हे कळतं. बोअर अजून चालू आहे, आजही नऊ टँकर गेले. तलाठ्याकडे विनया जाऊन आली, तो म्हणाला तुमची रीत सातबाऱ्यावर दिसत नाही. विनयाने त्याला विचारलं, तुम्ही आमच्याकडचं पाणी प्यायलात ते कुठल्या कागदावर दिसतं? माझ्या सुनेने विचारलं. घरी आल्यावर मी तिला ते दोनदा सांगायला लावलं.

आता तुझ्यापुरतं. शेठ उतरला नाही, त्याचे दोन्ही वाटे ह्या वर्षी गेले, असं आम्ही चौघांनी काठावर उभं राहून मोठ्याने म्हटलं. त्याला ते मान्य नसेल. आम्हाला त्याचे डंपर मान्य नाहीत, म्हणजे फिटंफाट.

आणखी एक रीत आहे, ती शेठला मी सांगितली नव्हती. घरातला माणूस परमुलखात अडकला असेल तर दुसऱ्याने त्याच्या नावाचं एक घमेलं काढायचं आणि नाव घ्यायचं. सगळ्यांची झाल्यावर, डंपर जायच्या आधी, मी पुन्हा उतरले. विनया नको म्हणत होती. भरलं, डोक्यावर घेतलं, वर चढले आणि म्हटलं, हे जितेंद्रचं. तिघांनी ऐकलं. रामूनेही ऐकलं, तो अजून सावलीत होता. विचारत होता, जितेंद्र कोण? मी म्हटलं, हॉटेलाचा मॅनेजर. त्याला काही उलगडलं नाही.

पण हे एकाच वर्षापुरतं चालतं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने काढलेलं धरत नाहीत. पुढच्या अक्षय तृतीयेला मी तुझं नाव घेणार नाही, आणि मी नसले तर विनया घेणार नाही. तिला आत्ताच विचारलं. ती लिहिताना मान हलवते आहे, नाही म्हणून. तुझी आई नाही म्हणायला शिकली, बघ.

अंगठा मिळणार नाही. माझ्या मागे वाडी विनयाच्या नावावर जाईल, तसा कागद विरारच्या वकिलाकडून करून घेतला आणि त्यावर अंगठा दिला. तुझ्या आईला मनवायचं असेल तर मनव, पण तिने आता गाळात पाय घातला आहे.

दिवाळीला येतोस म्हणे. ये. मॅनेजर म्हणून आलास तरी जेवायला घालीन, तुझं हॉटेल उघडेपर्यंत तुला जेवण लागेलच. मात्र गाळाच्या दिवशी नीट बघून उतर. शेठच्या वाट्याने उतरायचं तर बेसिलच्या काठाने, आपल्या वाट्याने उतरायचं तर चिंचेच्या काठाने. मी चिंचेखाली बसलेली असेन आणि कुठून उतरलास ते बघेन. दोन्ही काठांवर एक एक पाय ठेवून कोणाला उभं राहता आलेलं नाही. मध्ये पाणी आहे.

आजी